जुनी लाकडी औजारे व मोडके लाकूड : घरसजावटीसाठी उपयोग

महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत आज गोठ्याच्या आढ्याला, घराच्या मागील भिंतीला किंवा उकिरड्याशेजारी मोडकी लाकडी औजारे पडलेली दिसतात. ट्रॅक्टर, लोखंडी नांगर आणि यांत्रिक पेरणीयंत्रे आल्यापासून तिफण, पाभर, वखर, कोळपे, जू आणि लाकडी चाकाची बैलगाडी यांचा वापर पुष्कळ कमी झाला आहे. जुने वाडे पाडून सिमेंटची घरे बांधताना खांब, तुळया, चौकटी, खिडक्या व कडीपाटाच्या फळ्या निघतात. हे सर्व लाकूड एक तर बंबात जाते किंवा जळणाच्या भावाने वजनावर विकले जाते. थोडी माहिती आणि गावातील सुताराची मदत घेतल्यास याच लाकडापासून खुंटाळे, मांडणी, आरशाची चौकट, टीपॉय, दिव्याचे टांगणे यांसारख्या टिकाऊ व देखण्या वस्तू घरच्या घरी करता येतात. त्यासाठी लाकूड कसे निवडावे, कीड कशी रोखावी आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

जुने लाकूड मोलाचे का?

ओल्या, नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण फार असते. हे पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली येऊ लागले की लाकूड आकसू लागते. हे आकसणे लांबीत जवळजवळ नसते, ते रुंदीत व जाडीत होते आणि सर्व बाजूंनी सारखे होत नाही. म्हणूनच ओल्या लाकडाची फळी वाकते, पिळते किंवा तडकते. घरातील वस्तूंसाठी लाकडातील ओलावा साधारण १० ते १२ टक्के असावा. नवे लाकूड हवेवर वाळवून तेथवर आणायचे, तर एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. चाळीस-पन्नास वर्षे छपराखाली राहिलेल्या तुळईचे हे वाळणे केव्हाच पूर्ण झालेले असते. तिला जे वाकायचे व तडकायचे ते वाकून तडकून झाले आहे. हाच जुन्या लाकडाचा खरा फायदा होय.

दुसरे असे की, आपल्या पूर्वजांनी प्रत्येक कामासाठी योग्य ते लाकूड निवडलेले होते. घराच्या चौकटी व तुळयांना साग. नांगर, वखर व गाडीला बाभूळ. आस, दांडे व जिथे झटका बसतो अशा भागांना धावडा. चाकांना तिवस, तर खुंट्या व मुसळांना खैर वापरीत. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर बाभळीचे सुमारे ८०० किलो असते. म्हणजे बाभूळ जड, चिवट व कठीण. तिच्यावर खिळा मारण्याचा प्रयत्न केल्यास खिळा वाकतो किंवा लाकूड चिरते. आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने भोक पाडून स्क्रू वापरावा.

लाकडाची निवड व तपासणी

कोणताही तुकडा कामाला घेण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

१) टोचा किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर लाकडात दाबून पाहावा. सहज आत गेला तर तो भाग कुजलेला आहे. असा भाग कापून टाकावा.

२) हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा पोकळ येतो.

३) लाकडावर चुंबक फिरवून खिळे, पट्ट्या व मोडलेले स्क्रू शोधावेत आणि ते काढल्याशिवाय करवत किंवा रंधा लावू नये. यांत्रिक करवतीला खिळा लागल्यास पाते तुटून गंभीर इजा होऊ शकते.

४) भेगांतील माती व वाळू ताठ ब्रशने काढावी. मातीमुळे रंध्याची धार लगेच जाते.

५) तुकडा धुतला असल्यास किंवा पावसात भिजलेला असल्यास तो सावलीत, दोन विटांवर ठेवून वाळवावा. दर आठवड्याला त्याचे वजन करावे. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की लाकूड हवेच्या मानाने वाळले असे समजावे.

कोणते लाकूड घरात घेऊ नये?

हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. लाकूड जुने झाले म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही.

कीटकनाशकांच्या खोलीतील फळ्या : औषधांचे डबे, पंप आणि प्रक्रिया केलेले बियाणे ज्या फळ्यांवर वा पेट्यांत ठेवले जाई, त्या फळ्यांत सांडलेले औषध मुरलेले असते. धान्याच्या जुन्या कोठारांत पूर्वी बीएचसी भुकटी सर्रास धुरळली जात असे. या औषधावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. परंतु त्याचे अवशेष अनेक वर्षे टिकतात. अशा कोठाराच्या फळ्या स्वयंपाकघर, देवघर, पाळणा किंवा मुलांच्या वस्तूंसाठी कधीही वापरू नयेत. त्या बंबात जाळणेही धोक्याचे आहे.

जुन्या तैलरंगाची दारे-खिडक्या : पूर्वीच्या रंगांत शिसे मोठ्या प्रमाणात असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाबाबत सावध असावे. असा रंग कोरडा घासू नये व आगीने जाळून काढू नये, कारण शिशाची धूळ व धूर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहेत. घासणे भागच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून वॉटर पेपरने, घराबाहेर, मुलांपासून दूर घासावे आणि निघालेला गाळ गोळा करून घ्यावा. तो परसबागेत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नये.

मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट : कारखान्यांतून व बंदरांतून येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह व त्याशेजारी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला निदान ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. घरासाठी फक्त ‘एचटी’ खुणेचे, डाग व वास नसलेले पॅलेट घ्यावे.

किडीचा बंदोबस्त

जुन्या लाकडाला मुख्यतः वाळवी आणि भुसा पाडणारे भुंगेरे यांपासून धोका असतो. भुंगेऱ्यांची अळी लाकडातील पिष्टमय पदार्थांवर जगते. हे पदार्थ गाभ्याबाहेरील फिकट रंगाच्या थरात असतात. म्हणून सागाचा तपकिरी गाभा सहसा किडत नाही. बाभळीचा पांढरा थर मात्र फार लवकर किडतो. पूर्वी बाभळीचे ओंडके काही आठवडे तळ्यात किंवा नाल्यात बुडवून ठेवीत, त्याचे कारण हेच. पाण्यामुळे पिष्ट कमी होते व किडीचे खाद्य नाहीसे होते.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाने स्वतः चूक केलेली आहे. गावाकडून आणलेल्या बैलगाडीच्या साट्यापासून आम्ही एक टीपॉय करून घेतला. लाकूड वाळलेले व भक्कम होते, पॉलिशही उत्तम झाले. पावसाळ्यात त्याखाली पिवळसर पिठासारखा भुसा पडू लागला. तो रोज झाडून टाकण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या पुस्तकांच्या मांडणीला तशीच भोके दिसू लागली आणि अखेर दोन्ही वस्तू घराबाहेर काढाव्या लागल्या. प्रक्रिया आधी केली असती तर खर्च अगदी किरकोळ आला असता.

कीड जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी : लाकूड झटकून स्वच्छ करावे, दिसणाऱ्या भोकांभोवती खडूने खूण करावी आणि खाली काळा कागद पसरून ते १५ दिवस कोरड्या जागी ठेवावे. कागदावर ताजा भुसा पडला किंवा खुणेबाहेर नवे भोक दिसले तर कीड जिवंत आहे. अळी लाकडात अनेक महिने दडून राहू शकते. त्यामुळे भुसा दिसला नाही तरी प्रक्रिया टाळू नये.

बोरॉनची प्रक्रिया : घरातील वस्तूंसाठी टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक ॲसिड यांचे मिश्रण सोयीचे आहे. टाकणखार शेतकऱ्यांना नवा नाही. बोरॉनची उणीव भरून काढण्यासाठी आपण तो पिकांना देतो. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार व २० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवावे. रंग व पॉलिश काढलेल्या कोरड्या लाकडावर हे द्रावण ब्रशने भरपूर लावावे. ते मुरल्यावर दुसरा हात द्यावा. लहान तुकडे रात्रभर द्रावणात बुडवून ठेवणे अधिक चांगले. भोकांत व सांध्यांत द्रावण पिचकारीने सोडावे. त्यानंतर लाकूड निदान एक आठवडा सावलीत वाळवावे. हातमोजे वापरावेत आणि द्रावण मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असे ठेवावे. बोरॉन पाण्यात विरघळते, म्हणून उघड्यावर पावसात राहणाऱ्या वस्तूंना ही प्रक्रिया उपयोगी नाही. शेतातील वाळवीसाठी आणलेले क्लोरपायरिफॉस घरातील वस्तूंना लावू नये.

जिवंत कीड असलेले पातळ तुकडे घरात आणूच नयेत. वस्तू अगदीच मोलाची असेल तर बोरॉनची प्रक्रिया करून ती पुढचा पावसाळा संपेपर्यंत घराबाहेर, इतर लाकडापासून वेगळी ठेवावी व वरील कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी.

काही सोप्या वस्तू

१) तिफणीच्या दिंडाचे खुंटाळे : दिंडात फण बसविण्यासाठी पाडलेली भोके तयारच असतात. त्यांच्या मापाच्या खुंट्या सुताराकडून बाभळीच्या किंवा खैराच्या करून घ्याव्यात. खुंटी किंचित वरच्या बाजूस कललेली असावी, म्हणजे अडकविलेली पिशवी किंवा छत्री घसरत नाही. दिंड जड असतो. तो भिंतीवर नुसत्या खिळ्यांनी टांगू नये. खालून दोन लोखंडी कोन द्यावेत आणि ते विटांच्या भिंतीत रॉवळ व स्क्रूने पक्के करावेत. मातीच्या भिंतीला असे वजन देऊ नये.

२) चाड्याचे टांगणे : चाड्याच्या बुडाला नळ्यांसाठी भोके असतात. चाडे उलटे टांगून एका भोकातून वायर आत घेतल्यास ओसरीसाठी सुंदर दिवा होतो. त्यात फक्त एलईडी दिवा लावावा. जुना तारेचा बल्ब तापतो व लाकूड करपते. वायरिंग माहीतगाराकडून करून घ्यावे. ज्या चाड्यातून औषध लावलेले बियाणे पेरले आहे, ते फळे किंवा खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी वापरू नये.

३) बैलगाडीचे चाक : चाकाचे तुंबा, आरे, पुठे व धाव हे भाग सारे एकमेकांच्या ताणावर उभे असतात. लोखंडी धाव काढली की चाक सैल होऊन सुटे होते. म्हणून टीपॉयसाठी चाक वापरताना धाव काढू नये. तारेच्या ब्रशने गंज काढून तीवर तेलाचा हात द्यावा. पाय तुंब्याला न जोडता पुठ्यांखाली, तीन किंवा चार ठिकाणी द्यावेत. वर जाड, कडा घासलेली काच ठेवावी. चाक मोडलेलेच असेल तर पुठ्यांचे गोल तुकडे आरशाच्या चौकटीला आणि तुंबा समईखालच्या बैठकीला उपयोगी पडतो.

४) कडीपाटाच्या फळ्यांची मांडणी : फळी ९० सेंटिमीटर लांब व २० ते २२ सेंटिमीटर रुंद ठेवावी. फळी अडीच सेंटिमीटर जाड असल्यास पुस्तकांच्या वजनाने ती वाकू नये म्हणून दोन आधारांतील अंतर ६० ते ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट जखडू नये. हवेतील ओलाव्याप्रमाणे ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. जखडलेली फळी मध्ये चिरते. एका बाजूचे भोक किंचित लांबट ठेवावे. मांडणीचा खालचा भाग जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर असावा, म्हणजे वाळवीची माती चटकन दिसते.

५) खिडकीची चौकट : सागाच्या जुन्या खिडकीत काचेऐवजी आरसा किंवा घरातील छायाचित्रे बसविता येतात. गज काढण्याची गरज नाही, ते तसेच शोभून दिसतात.

घासाई व तेलपाणी

जुन्या लाकडाचा सगळा पृष्ठभाग रंधून नव्यासारखा करू नये. हाताच्या घर्षणाने रुमण्याला किंवा जुवाला आलेला गुळगुळीतपणा हीच त्याची शोभा होय. फक्त धसकटे काढून प्रथम ८० व नंतर १२० व २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावे. लाकडाची बारीक धूळ दीर्घकाळ नाकात गेल्यास कर्करोगास कारण होऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. तेव्हा नाकाला मास्क व डोळ्यांना चष्मा लावूनच काम करावे. कित्येकांच्या त्वचेला सागाच्या धुळीने खाज सुटते.

तेलासाठी आपल्या विदर्भातील जवसाचे तेल उत्तम. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारे तेल घ्यावे. खाण्याचे कच्चे तेल लवकर वाळत नाही. पहिल्या हातासाठी तेलात निम्मे टर्पेंटाईन मिसळावे. तेल लावून २० ते ३० मिनिटांनी उरलेले फडक्याने पुसून घ्यावे. एक-दोन दिवसांनी दुसरा व तसाच तिसरा हात द्यावा.

येथे एक धोका लक्षात ठेवावा. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाच्या फडक्यांचा बोळा करून टाकल्यास तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात असा बोळा टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. फडकी मोकळ्यावर, एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

चकाकी हवी असल्यास चपडा लाखेचे पॉलिश करावे. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम लाख रात्रभर भिजवून गाळून घ्यावी व सुती बोळ्याने पातळ हात द्यावेत. स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही आहे. चूल पेटलेली असताना त्याजवळ काम करू नये. लाखेच्या पॉलिशवर गरम भांडे ठेवल्यास पांढरा डाग पडतो. म्हणून चहाच्या टीपॉयला तेलच बरे.

कापण्यापूर्वी मोजून घ्या

कृषिविद्येचा एक शिक्षक म्हणून एक विनंती करावीशी वाटते. तिफणीच्या किंवा पाभरीच्या दिंडातील दोन भोकांमधील अंतर म्हणजे त्या घराने वर्षानुवर्षे ठेवलेले पिकाच्या दोन ओळींतील अंतर होय. आज आपण रब्बी ज्वारीसाठी ४५ सेंटिमीटर अंतराची शिफारस करतो. पूर्वीच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीची खोली, ओलावा व कोळप्याची पास पाहून हे अंतर ठरविलेले असे. ते कोठेही लिहून ठेवलेले नाही. ते फक्त त्या लाकडात आहे.

आमच्या घरी आजोबांची तिफण होती. त्यांच्यानंतर ती अनेक वर्षे गोठ्यात पडून राहिली आणि एका हिवाळ्यात पाणी तापवायला फोडली गेली. तेव्हा मी पदवीच्या वर्गात होतो आणि ओळींतील अंतर हाच विषय परीक्षेसाठी पाठ करीत होतो. आमच्या हलक्या रानात आजोबा किती अंतरावर ज्वारी पेरीत, हे वडिलांना आज नक्की आठवत नाही आणि मोजायला दिंड उरलेला नाही.

म्हणून कोणतेही औजार कापण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. भोकांतील अंतर, पासेची लांबी, लाकडाची जात, औजाराचे गावातील नाव आणि त्याने कोणत्या रानात काय पेरले जाई, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावे. औजार पूर्ण असेल तर ते मोडू नये. स्वच्छ करून, तेल देऊन तसेच भिंतीशी उभे करावे. कोरीव काम असलेले खांब व महिरपीही तोडू नयेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा रोजच्या वापरातील वस्तू किती आस्थेने जपल्या आहेत, हे सवड काढून पाहण्यासारखे आहे.

जोडधंदा म्हणून

कृषी पर्यटन केंद्रे, उपाहारगृहे आणि शहरातील घरे यांत अशा वस्तूंना मागणी असते. बचत गटातील भगिनींनी घासाई, बोरॉनची प्रक्रिया व तेलपाणी ही कामे आणि गावातील सुताराने सांध्यांचे काम, अशी वाटणी करता येते. किंमत ठरविताना लाकडाची किंमत, सुताराची मजुरी, घरच्या माणसांचे दिवस, तेल-पेपर-स्क्रूचा खर्च व वाहतूक या सर्वांचा हिशेब मांडावा. घरची मजुरी न धरल्याने पुष्कळांचा धंदा कागदावर फायद्यात आणि प्रत्यक्षात तोट्यात जातो. प्रथम दोन-तीन वस्तू करून, त्या विकल्यावरच पुढचे लाकूड घ्यावे. जुन्या घराचे सागवान दुसरीकडे न्यायचे असल्यास आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वाहतूक परवान्याबाबत चौकशी करावी आणि घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवावा. जुने दिसणारे सामान करण्यासाठी उभे झाड तोडणे हे मात्र या कामाच्या हेतूच्याच विरुद्ध आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोळ्याला व खंडेनवमीला आपण ज्या औजारांना हळद-कुंकू वाहिले, ती निकामी झाली म्हणून जळणात घालण्याची घाई करू नये. या सुगीनंतर सवड मिळाली की गोठ्याचे आढे व घराची मागील बाजू एकदा नजरेखालून घालावी. जे कुजले आहे ते बाजूला काढावे, ज्यात औषध मुरले आहे ते घराबाहेर ठेवावे आणि जे निरोगी आहे ते आधी मोजून, लिहून मगच सुताराच्या हाती द्यावे.